मागच्या वर्षीचाच प्रोजेक्ट

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांची यादी वाचली की वाटतं, महाराष्ट्रातल्या शेतीचे प्रश्न एव्हाना मिटायला हवे होते. स्मार्ट इरिगेशन सिस्टिम, आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टिम, सोलर पॉवर्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टिम, आणि अलीकडे त्याच नावाच्या डोक्यावर चढवलेलं 'एआय बेस्ड'. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वर्षाच्या सुरुवातीला गाइडमध्ये ग्रुप वाटले जातात, तेव्हा यातलं एखादं शीर्षक माझ्या वाट्याला येतंच.

साहित्यही ठरलेलं. कागदी कपात कॉलेजच्या बागेतली माती, तीत खोचलेला दोन काट्यांचा सेन्सर, अर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, चालू-बंद करणारा रिले, फिश टँकमध्ये असतो तसला छोटा पंप आणि निळा एलसीडी. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे एक्सटर्नल आले की मुलं कपात पाणी ओततात, आकडा बदलतो, पंप बंद होतो. एक्सटर्नल मान हलवतात, ॲप आहे का विचारतात. ॲप असतंच. सही होते, आणि काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं छापलेलं 'ब्लॅक बुक', म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, कपाटात जातं. पुढच्या वर्षीची मुलं ते उघडतात, पण ते इंडेक्स कसा लिहायचा एवढंच बघायला.

त्या एलसीडीवर लिहिलेलं असतं, 'मॉइश्चर ६२%'. हे बासष्ट टक्के कशाचे, असं एकदा विचारून बघा. सेन्सरकडून येणाऱ्या व्होल्टेजचं अर्डुइनो ० ते १०२३ मधल्या एका आकड्यात रूपांतर करतो. मुलं त्याला १०२३ ने भागतात, शंभराने गुणतात आणि शंभरातून वजा करतात, की झाले टक्के. मातीत खरोखर पाणी किती होतं, ते या सगळ्या उद्योगात कुणीही मोजलेलं नसतं. तरी पंप वेळेवर बंद होतो, त्यामुळे प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

यात मुलांचा दोष मला दिसत नाही. आपण त्यांच्याकडून चालणारी वस्तू मागतो, ते आणून देतात. काही स्वतः करतात, काही विकत आणतात. कॉलेजं असलेल्या गावात रेडीमेड प्रोजेक्टची दुकानं असतात, तिथे वस्तूबरोबर रिपोर्टही मिळतो आणि व्हायव्हाला काय विचारतील तेही सांगतात. आमच्याकडे कोर्सला मान्यता देणाऱ्या एनबीएच्या फाइलीत प्रत्येक प्रोजेक्टसमोर प्रोग्राम आउटकम्सचे, म्हणजे पदवीपर्यंत मुलांना काय यायला हवं त्याचे, रकाने भरावे लागतात. त्यातलं चौथं आउटकम म्हणजे गुंतागुंतीच्या प्रश्नांचं संशोधन करता येणं. स्केल एक ते तीन. आम्ही बहुतेकांसमोर तीन लिहितो.

पदवीच्या मुलांना संशोधनात ओढायची कल्पना काही आजची नाही. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली अमेरिकेतल्या एमआयटीत एका भाषणात म्हटलं होतं की, मुलगा कॉलेजात पाऊल ठेवतो तेव्हापासूनच त्याच्या हातात त्याचा स्वतःचा संशोधनाचा विषय असायला हवा. लँड स्वतः हार्वर्डची पदवी अर्धवट सोडून आलेले, त्यामुळे त्यांना हे सांगायचा अधिकार जरा जास्तच होता. पुढे १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तिथे पदवीच्या मुलांसाठी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला, तो आजही चालू आहे. पण त्यात मुलगा आधीच चालू असलेल्या प्रयोगशाळेत जाऊन बसतो. तिथे प्राध्यापक असतात, पीएचडीची मुलं असतात, चार वर्षांपूर्वीच्या वह्या असतात. आमच्याकडे तसली प्रयोगशाळाच नाही. जे काही चालू असतं ते जूनमध्ये संपतं आणि पुढच्या बॅचबरोबर पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

म्हणून मला परदेशापेक्षा पुण्याचं उदाहरण जवळचं वाटतं. १८५४ साली सुरू झालेल्या सीओईपी या तिथल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांनी २००८ च्या सुमारास 'स्वयम्' नावाचा उपग्रह करायला घेतला. दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, वजन एक किलोच्या आत. तो अवकाशात गेला २२ जून २०१६ रोजी, श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटमधल्या वीस उपग्रहांपैकी एक म्हणून. मधली वर्षं मोजली की लक्षात येतं, इंजिनीअरिंगची पदवी चार वर्षांची असते. ज्यांनी पहिलं रेखाटन केलं, ते उड्डाणाच्या दिवशी कुठल्यातरी कंपनीत नोकरी करत होते. ज्यांनी उड्डाण पाहिलं, ते प्रकल्प सुरू झाला तेव्हा शाळेत होते.

या उपग्रहातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचं तोंड वळवायची युक्ती. पृथ्वीभोवती फिरताना ठोकळा वेडावाकडा गरगरत राहिला तर ॲंटेना भलतीकडेच बघत राहणार. मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरती चाकं असतात, पण एवढ्याशा डब्यात ना त्यांना जागा, ना वीज. 'स्वयम्'मध्ये मुलांनी एक कायमचुंबक बसवला. होकायंत्राच्या सुईसारखा तो उपग्रहाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळवत राहतो. पण सुई जागेवर येताना बराच वेळ डोलते, आणि तिथे हवा नाही, त्यामुळे ते डोलणं आपोआप थांबत नाही. ते शमवायला मऊ चुंबकीय धातूच्या बारीक सळया लावल्या. उपग्रह डोलतो तसं त्यांचं चुंबकत्व उलटसुलट होत राहतं, आणि त्यात डोलण्याची ऊर्जा थोडी थोडी उष्णता होऊन संपते. यात मोटर नाही, विजेचा खर्च नाही.

ऐकायला सोपं आहे. पण चुंबक जास्त ताकदीचा घेतला तर सळया पुऱ्या पडत नाहीत, कमी ताकदीचा घेतला तर इतर बारीकसारीक धक्के उपग्रहाला भलतीकडेच वळवतात. आणि खोलीत बसून हे पूर्णपणे तपासता येत नाही, कारण खोलीत गुरुत्वाकर्षण आहे, घर्षण आहे, हवा आहे. म्हणजे गणित मांडायचं, सिम्युलेशन करायचं, कुठे काय गृहीत धरलंय ते लिहून ठेवायचं, आणि वर गेल्यावर काय होईल ते बघायचं.

'लिहून ठेवायचं' हा या कामाचा गाभा आहे असं मला वाटतं. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाने चुंबकाची ताकद ठरवली आणि तो पास होऊन गेला. दोन वर्षांनी इस्रोच्या शास्त्रज्ञांसमोर रिव्ह्यूला उभी राहणारी मुलगी त्याला कधी भेटलेलीही नसेल, आणि तिला विचारणार, हाच आकडा का? तिच्याकडे उत्तर असायला हवं. 'आधीच्या बॅचने घेतला होता' हे उत्तर नव्हे. म्हणजे आधीच्याने आकड्याबरोबर कारणही लिहून ठेवायला हवं, आणि नंतरच्याने ते कारण पुन्हा तपासायला हवं, पटलं नाही तर मोडायला हवं. आमच्या ब्लॅक बुकमध्ये आकडे खूप असतात, कारणं शोधून सापडत नाहीत. कारण ते पुस्तक कुणी वापरायचंच नसतं.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या मुलांचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. तो मोठा होता, दहा किलोच्या घरातला, आणि २००७ पासून चालू होता. आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, त्यातल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण मोजणं हा त्याचा उद्देश, आणि त्याचे संदेश पकडायला इतर कॉलेजांतल्या मुलांनीही ग्राउंड स्टेशनं उभारावीत अशी योजना होती. मला ही योजना उपग्रहाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता कुणीही म्हणेल की, सीओईपी आणि आयआयटीची गोष्ट वेगळी. आहेच. आमच्याकडे येणारी मुलं कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, शेवटच्या राउंडला येतात, निम्मी तरी घरची पहिलीच इंजिनीअर असतात, आणि उपग्रह सोडा, चांगला ऑसिलोस्कोप मिळवायला मला पर्चेस कमिटीपुढे दोनदा जावं लागतं. पण बॅचमागून बॅच एकच प्रश्न पुढे नेणं, याला उपग्रह लागत नाही. त्याला एक बरा प्रश्न लागतो. तो आमच्याकडे कागदी कपात आयताच होता.

म्हणून मी एका ग्रुपला सांगितलं, पंप नको, ॲप नको. सेन्सरचा आकडा आणि मातीतलं खरं पाणी यांचा संबंध शोधा, बस्स. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, "मॅडम, मग डेमोला काय दाखवायचं?"

मातीतलं खरं पाणी मोजायची पद्धत जुनी आहे. नमुना झाकणाच्या डबीत घ्यायचा, वजन करायचं, १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास ओव्हनमध्ये ठेवायचा, पुन्हा वजन करायचं. ओव्हन सिव्हिलच्या सॉइल लॅबमध्ये होता. तिथल्या काकांनी पहिल्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना दारातच अडवलं, तुमच्याकडे काय वायरी भाजायच्यात का म्हणून. नंतर तेच त्यांना डब्या कशा पुसायच्या, गरम डबी लगेच तराजूवर का ठेवायची नाही, ते शिकवायला लागले. शंभर ग्रॅम ओली माती वाळून ऐंशी ग्रॅम झाली, तर ओल किती टक्के? मी वर्गात विचारते तेव्हा बहुतेक जण वीस म्हणतात. माती तपासणारे पंचवीस म्हणतात, कारण ते वीस ग्रॅम पाण्याला कोरड्या मातीच्या वजनाने भागतात. ओल्या मातीचं वजन रोज बदलणार, कोरडीचं नाही. ही गोष्ट फळ्यावर सांगितली तर कुणी लक्ष देत नाही, पण तीन आठवड्यांची रीडिंग्ज पुन्हा काढावी लागली की जन्मभर लक्षात राहते.

सेन्सरही बदलला. दोन उघड्या काट्यांतून वीज सोडणारा स्वस्तातला सेन्सर ओल्या मातीत गंजून जातो. त्याऐवजी मुलांनी कपॅसिटिव्ह, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता (कपॅसिटन्स) मोजणारा, घेतला. त्याची सगळी भिस्त एका फरकावर आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतभार साठवायला किती हातभार लावतो त्याचं माप) साधारण ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. सेन्सरच्या आसपास पाणी वाढलं की कपॅसिटन्स वाढतो. कॉलेजच्या बागेतल्या मुरमाड मातीत आकडा आणि ओव्हन बऱ्यापैकी हातात हात घालून चालले. मग ग्रुपमधल्या एकाच्या घरच्या शेतात, भारी काळ्या जमिनीत सेन्सर लावले. दिवाळीपर्यंत ठीक होतं. त्यानंतर आलेखावरचे ठिपके फुटायला लागले. सेन्सर सांगायचा माती कोरडी, ओव्हन सांगायचा चांगली ओल आहे.

मुलांनी त्या रीडिंग्जना 'फॉल्टी' असं नाव दिलं आणि ती गाळून टाकतो म्हणाली. आलेख सुंदर दिसला असता. मी गाळू दिलं नाही. वेगळं पान करा म्हटलं, तारीख, जागा, दोन्ही आकडे आणि शेवटच्या रकान्यात 'कारण माहीत नाही'. हे पान त्यांना महागात पडलं. एक्सटर्नलनी नेमकं तेच उघडलं आणि विचारलं, काम अर्धवट का सोडलं? मुलांचे गुण कमी झाले आणि ती माझ्यावर काही दिवस नाराज होती. त्यांचं चूक नव्हतं, प्लेसमेंटला सीजीपीए बघतात, 'कारण माहीत नाही' बघत नाहीत.

पुढच्या बॅचला मी तेच पान दिलं. त्यांनी तारखा लावून बघितल्या, तर गडबड सगळी जमीन वाळायला लागल्यानंतरची. मग ते शेतात गेले आणि सेन्सरच्या बाजूची माती हलक्या हाताने काढली. सेन्सर आणि माती यांच्यामध्ये नखाएवढी फट होती. आकडा मातीचा नव्हताच, फटीतल्या हवेचा होता.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाणी आपल्या थरांत ओढून घेतं आणि फुगतं, वाळलं की आकसतं. मे महिन्यात आमच्याकडच्या रानातल्या भेगांत हात जातो, हे या मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. पण ते पाहणं गावाकडचं आणि सेन्सर कॉलेजातला, दोन्हींची गाठ पडली नव्हती. ती पडल्यावर पुढचा विचार त्यांनी आपणच केला. असा सेन्सर पंपाला जोडला तर तो ओल असतानाही मोटर सुरू करणार, आणि भेगाळलेल्या जमिनीत पहिलं पाणी भेगेतून थेट खाली जाणार. म्हणजे कपाटातल्या सगळ्या 'स्मार्ट इरिगेशन' ब्लॅक बुकांतली यंत्रं मराठवाड्यातल्या रानात पाणी वाचवायच्या ऐवजी घालवतील.

फार आनंदात ती मुलं परभणीच्या कृषी विद्यापीठात गेली. तिथल्या मृदाशास्त्राच्या लोकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि हे आम्हाला ठाऊक आहे असं सांगितलं. वाचायला बरंच काही दिलंही. परतताना एसटीत मुलं गप्प होती. आपण नवं काहीच शोधलं नाही, मग नॉव्हेल्टीच्या रकान्यात काय लिहायचं?

मला विचाराल तर त्यांच्या प्रशिक्षणाचा खरा दिवस तो. एरवी लिटरेचर सर्व्हे म्हणजे प्रश्न ठरायच्या आधी गोळा केलेल्या वीस पेपरांचा तक्ता. लेखक, वर्ष, पद्धत, त्रुटी. त्रुटीच्या रकान्यात सगळ्यांसमोर 'कॉस्ट जास्त'. या मुलांनी पहिल्यांदा कशासाठी तरी वाचलं. फटीचं इतरांनी काय केलं, सेन्सर तिरपा लावला का, भोवती मातीचा चिखल करून भरला का, तो चिखल वाळल्यावर पुन्हा आकसला का. पेपरातली एखादी ओळ वाचून 'हे आपल्या शेतात चालणार नाही' असं ती मुलं म्हणायला लागली, आणि का चालणार नाही ते सांगायलाही. पदवीच्या मुलांकडून जगाला नवीन असं काही मागणं हा मला आपला सगळ्यात मोठा खुळेपणा वाटतो. त्या मागणीपोटीच मुलं पैसे भरून कुठल्यातरी जर्नलमध्ये पेपर छापतात. माहीत असलेली गोष्ट स्वतःच्या मोजणीने गाठली, एवढं एकविसाव्या वर्षी पुरे.

खरी अडचण पुढेच होती. तिसऱ्या बॅचचं सिनॉप्सिस कमिटीसमोर गेलं तेव्हा प्रश्न आला, "हा तर मागच्या वर्षीचाच प्रोजेक्ट. रिपीट कसा चालेल?" नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. जुनं ब्लॅक बुक नवं कव्हर घालून येऊ नये म्हणून. पण कॉपी आणि पुढचं पाऊल यांत तो नियम फरक करत नाही. या नियमाखाली 'स्वयम्' पहिल्याच वर्षी संपला असता. मी वाद घातला, थोडा आवाज चढवून. शेवटी तडजोड अशी झाली की शीर्षक बदलायचं आणि मागच्या बॅचच्या कामाचा उल्लेख पहिल्या प्रकरणात करायचा. आता त्याबरोबर मी एक अट घालते. प्रत्येक ग्रुपने मे महिन्यात खालच्या वर्गातल्या मुलांना शेतात नेऊन एक रीडिंग आपल्यासमोर घ्यायला लावायचं. लेखी नोंदी वाचून ते जमलं नाही, तर नोंदी पुन्हा लिहायच्या. यालाही गुण नाहीत. तरी मुलं करतात, कारण ज्युनिअरसमोर अडायला कुणालाच आवडत नाही.

तिसऱ्या बॅचमधल्या एका मुलीच्या आजोबांनी कामाची दिशाच बदलली. सेन्सर बघून ते म्हणाले, यावरून वाफसा आला का ते कळतं का? वाफसा म्हणजे जमिनीत काम करायला बेताची ओल. ते स्वतः वीतभर खालची माती मुठीत दाबतात. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा. नुसताच चिकटून राहिला तर अजून दोन दिवस थांबायचं. मुलीने लगेच त्यातलीच माती डबीत भरून ओव्हनसाठी आणली. मग ग्रुपने ठरवलं की वेगवेगळ्या शेतकऱ्यांना मूठ दाबायला लावायची, एकमेकांचं उत्तर कळू द्यायचं नाही, आणि प्रत्येक वेळी तीच माती ओव्हनमध्ये घालायची. मूठ हे उपकरण मानलं, तर दोन मुठींचं जमतं का?

मध्यम जमिनीत बऱ्यापैकी जमतं असं दिसतंय. भारी जमिनीत मतं फाकतात. हे का, यावर मुलांचे दोन आठवडे वाद चालले होते. माती वरची घेतली की खालची, सकाळी की दुपारी, हाताला घाम होता का, इथपर्यंत. मग एका बाईंनी मूठ दाबायच्या आधी उलटा प्रश्न केला, "वाफसा पेरणीला बघायचा का कोळपायला?" मुलांच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. आता आखला आहे. त्यामुळे आधीच्या सगळ्या शेतकऱ्यांकडे पुन्हा जाऊन, तुम्ही त्या वेळी काय मनात धरून सांगितलं होतं, हे विचारावं लागणार. सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा ते काम थर्ड इयरच्या मुलांकडे जाईल. पत्ते आणि कुणाचं शेत कुठल्या बांधाला लागून आहे, याची यादी ग्रुपने करायला घेतली आहे.